टाकीतलं पाणी आणि विसरलेलं बटण

घरामागच्या शेडमध्ये किंवा गॅरेजमध्ये दीड-दोन अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर ठेवणाऱ्या माणसाला रोज दोन कामं लक्षात ठेवावी लागतात. निघताना यंत्र बंद करायचं आणि टाकीच्या बुडाचा कॉक उघडून साठलेलं पाणी सोडायचं. दोन्ही कामं दिवसाच्या शेवटी येतात, हात तेलकट आणि पोटात भूक असताना. ती राहिली तरी त्या दिवशी काहीच बिघडलेलं दिसत नाही, त्यामुळे ती राहूनच जातात. ती यंत्राकडे सोपवावीत हा विचार साहजिक आहे आणि त्यासाठी लागणारं सामान आता सहज मिळतं. अडचण होते ती जोडणीत. पाण्यासाठी एक टायमरवाला व्हॉल्व्ह आणला जातो, बंद करण्यासाठी मोबाइलवर चालणारा प्लग आणला जातो, दोघांची एकमेकांशी ओळख करून दिली जात नाही, आणि मग रात्री एक जण टाकी रिकामी करत राहतो आणि दुसरा मोटरचा जीव घेतो. हे दोन प्रश्न मुळात एकच आहेत. कुठलं उपकरण घ्यावं यापेक्षा कशानंतर काय व्हावं आणि वीज गेली तर प्रत्येक गोष्ट कुठल्या स्थितीत थांबावी, यावर त्यांचं उत्तर अवलंबून आहे.

आधी हे पाहू, की कॉम्प्रेसरमध्ये जो आपोआपपणा आधीपासूनच असतो तो नेमकं काय करतो. टाकीवरच्या काळ्या डबीतल्या प्रेशर स्विचला टाकीतला दाब कळतो. दाब ८ बारला पोचला की तो मोटर तोडतो, ६ बारपर्यंत उतरला की पुन्हा जोडतो. (वर्कशॉपमध्ये ‘आठ किलो हवा’ म्हणतात, हिशेबाला फारसा फरक पडत नाही.) मोटर थांबते त्या क्षणी ‘फुस्स’ असा आवाज येतो. तो अनलोडरचा. पंपाचं हेड आणि टाकीजवळचा एनआरव्ही (हवा उलटी येऊ न देणारा व्हॉल्व्ह) यांच्या मधल्या नळीत अडकलेली हवा तो बाहेर सोडतो, म्हणजे पुढच्या वेळी मोटरला दाबाविरुद्ध सुरुवात करावी लागत नाही. सुरुवातीच्या क्षणी मोटर नेहमीच्या पाच-सात पट करंट खेचते, म्हणून ही सोय चैनीची नाही, गरजेची आहे. पण प्रेशर स्विचला एवढंच कळतं. माणूस घरी गेला आहे, होज फाटला आहे, रात्रीचे दोन वाजले आहेत, यातलं काहीच त्याला माहीत नसतं. दाब उतरला की तो इमानेइतबारे मोटर लावतो. कॉम्प्रेसर तर ऑटोमॅटिकच आहे, असं म्हणणाऱ्याची गल्लत इथे होते: दाब राखणं आपोआप होतं, काम संपवणं नाही.

आता पाणी. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो किंवा पावसाळ्यात मिठाच्या बरणीत ओल धरते, ते पाणी हवेतलंच असतं. जुलैतल्या मुंबईत किंवा रत्नागिरीत २८ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर एका घनमीटर हवेत सुमारे २३ ग्रॅम बाष्प असतं. ती हवा ८ बार गेज दाबापर्यंत दाबली की तिचं आकारमान नवव्या हिश्श्यावर येतं. पण बाष्प सामावण्याची क्षमता जागेवर आणि तापमानावर ठरते, हवा किती कोंबली आहे यावर नाही. त्यामुळे हवा पुन्हा २८ अंशांवर आली की त्या २३ ग्रॅमपैकी जेमतेम ३ ग्रॅम बाष्परूपात राहू शकतात, उरलेल्या २० ग्रॅमचं पाणी होतं. मिनिटाला २०० लिटर हवा देणारा दोन अश्वशक्तीचा पंप तासभर सलग चालला, तर १२ घनमीटर हवा आत गेली, म्हणजे जवळजवळ पाव लिटर पाणी झालं. एप्रिलच्या दुपारी पुण्यात ३७ अंश आणि २० टक्के आर्द्रता असताना हेच यंत्र तेवढ्याच वेळात ५० मिलिलिटरच्या आसपास पाणी काढील. एकाच यंत्राच्या दोन ठिकाणच्या, दोन ऋतूंतल्या वागण्यात पाचपट अंतर पडतं. ‘आठवड्यातून एकदा पाणी काढा’ हा सरसकट सल्ला म्हणूनच निरुपयोगी आहे. कोकणातल्या सुताराला तो फार उशिराचा आणि देशावरच्या उन्हाळ्यात फार घाईचा.

हे पाणी साध्या पोलादी टाकीच्या बुडाशी बसतं. टाकीला रंग बाहेरून असतो, गंज आतून धरतो. तो सगळीकडे सारखा न पसरता बुडाशी, वेल्डच्या कडेला, कॉकच्या भोकाभोवती खड्डे पाडत जातो, आणि बाहेरून ठोकून पाहिलं तरी कळत नाही. १०० लिटरच्या टाकीत ८ बारला साठलेली ऊर्जा अंदाजे १०० किलोज्यूल भरते. हजार किलोची मोटार ताशी ५० किलोमीटरने धावत असताना तिच्यात जेवढी असते, साधारण तेवढी. बहुतेक वेळा गंजलेली टाकी आधी बारीक भोक पडून सुसकारा टाकते आणि मालकाला सावध करते. पण प्रत्येक टाकी इतकी सभ्य असेल याची हमी नाही. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्यात दाबाखालच्या यंत्रसामग्रीसाठी स्वतंत्र कलम, कलम ३१, ठेवलं गेलं ते उगीच नव्हे. घरातलं वर्कशॉप मात्र कामगारसंख्येच्या अटीमुळे अशा तपासणीच्या कक्षेबाहेर राहतं. तिथे टाकीचा निरीक्षक म्हणजे मालकच, आणि तो संध्याकाळी दमलेला असतो.

पाणी आपोआप काढण्याचे मार्ग चार-पाच आहेत. कारखान्यातल्या मोठ्या यंत्रांवर पाण्याची पातळी ओळखून तेवढंच पाणी सोडणारे, हवा वाया न घालवणारे ड्रेन असतात. ते उत्तम आहेत, पण घरच्या १०० लिटरच्या टाकीला त्यांची किंमत परवडणारी नाही. फ्लोटवाला ड्रेन स्वस्त पडतो, मात्र तेल आणि गंजाच्या चिखलात त्याचा फ्लोट चिकटतो. तिसरा प्रकार कल्पक आहे. मोटर थांबताना अनलोडरमधून सुटणाऱ्या त्या ‘फुस्स’ हवेवरच एक छोटा व्हॉल्व्ह चालवायचा, म्हणजे प्रत्येक फेरीच्या शेवटी टाकी एकदा पाणी थुंकते. वीज नको, वायरिंग नको. पण त्याची खोट नेमक्या नको त्या वेळी उघडी पडते. स्प्रे पेंटिंग किंवा सँडिंग चालू असताना मोटर अर्धा-पाऊण तास थांबतच नाही, म्हणजे पाणी सर्वाधिक तयार होत असताना हा ड्रेन एकदाही उघडत नाही. चौथा टायमरवर चालणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह. किती वेळाने उघडायचं आणि किती सेकंद उघडं ठेवायचं, अशी दोन बटणं त्यावर असतात. घरगुती कामाला मला हाच बरा वाटतो, मात्र दोन अटींवर. त्याचं भोक लहान असल्याने गंजाची एक खपली बैठकीत अडकली की तो पुरता मिटत नाही, म्हणून त्याच्या आधी जाळीचा गाळक आणि गाळक धुण्यासाठी हवा तोडता यावी म्हणून त्याच्याही आधी एक हाताचा बॉल व्हॉल्व्ह हवाच. मोटरवर फिरणारा बॉल व्हॉल्व्ह खपल्या सहज गिळतो, पण तो उघडायला-मिटायला काही सेकंद घेतो आणि अर्ध्यात वीज गेली तर साधा प्रकार अर्धवट उघडा राहतो. जिथे वीज लहरी आहे तिथे हा दोष मी मोठा मानतो.

टायमरची बटणं मात्र बरेच जण अंदाजाने फिरवून मोकळे होतात. ४ मिलिमीटरच्या भोकातून ७-८ बारला सेकंदाला सुमारे २० लिटर हवा सुटते. दर २० मिनिटांनी २ सेकंद ठेवलं तर तासाला सव्वाशे लिटरही जात नाहीत, म्हणजे मोटरचं अर्ध्या-पाऊण मिनिटाचं काम. तोच टायमर दर ५ मिनिटांनी १० सेकंद असा राहून गेला तर तासाला २,४०० लिटर हवा फुकट जाते, आणि साठपैकी बारा मिनिटं मोटर केवळ ड्रेनसाठी चालते. ‘ऑटो ड्रेन लावला आणि बिल वाढलं’ ही तक्रार खरी असू शकते, तिचं मूळ मात्र बहुधा त्या दोन बटणांत असतं. दुसरी बाब वीज कुठून द्यायची याची. थेट बोर्डावरून दिली तर टायमर रात्रभर दर २० मिनिटांनी ड्रेन उघडत राहतो, दाब उतरतो, आणि कॉम्प्रेसर चालू राहिला असेल तर मध्यरात्री मोटर घरघरते. मोटरच्या वायरवरून दिली तर उलटी गंमत होते: मोटर मिनिटभरच चालत असेल तर टायमर दर वेळी शून्यावर येतो आणि विसाव्या मिनिटाला कधीच पोचत नाही. म्हणून टायमर जोडायचा तो पूर्ण कामाच्या सत्रात चालू आणि सत्र संपताच बंद असणाऱ्या मुख्य कॉन्टॅक्टरवर, म्हणजे यंत्राची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या विद्युत-स्विचवर. पाण्याचा प्रश्न इथेच बंद करण्याच्या प्रश्नाला येऊन मिळतो.

बंद करण्याचा खरा शत्रू गळती. ७ बारला १ मिलिमीटरच्या भोकातून सेकंदाला सव्वा लिटर हवा जाते, मिनिटाला सुमारे ७५ लिटर. आपल्या दोन अश्वशक्तीच्या यंत्राचं एक-तृतीयांशाहून अधिक बळ त्या टाचणीएवढ्या भोकात जातं. औद्योगिक व्यवस्थांमध्ये कॉम्प्रेसरच्या उत्पादनाचा २० ते ३० टक्के भाग कधी कधी गळतीत जातो, असं ऊर्जा दक्षता ब्युरोच्या मार्गदर्शक पुस्तिकेत नोंदलेलं आहे. घरी गळती मोजायला उपकरण लागत नाही. टाकी ८ बारला भरायची, मोटर तोडायची आणि काटा ६ वर यायला किती वेळ लागतो ते पाहायचं. १०० लिटरच्या टाकीत हे अंतर २०० लिटर मोकळ्या हवेचं आहे. ४० मिनिटं लागली तर गळती मिनिटाला ५ लिटर. मग टाकीजवळचा बाहेर जाणारा व्हॉल्व्ह मिटून हीच चाचणी पुन्हा करायची. बहुतेक ठिकाणी दुसऱ्या वेळी काटा हलत नाही, कारण गळती होजमध्ये, क्विक कपलरमध्ये आणि गनमध्ये असते. म्हणजे निघताना टाकीचं तोंड मिटलं तर अर्ध्याहून अधिक दुखणं जागीच थांबतं. बंद करण्याच्या योजनेत वीज तोडण्याइतकंच, किंबहुना थोडं अधिक, महत्त्व या बाहेरच्या व्हॉल्व्हला आहे. ‘ऑटो शटऑफ’ म्हटलं की सगळ्यांचं लक्ष मोटरकडे जातं आणि हा व्हॉल्व्ह कोणालाच आठवत नाही.

वीज तोडण्याचा सगळ्यांना सुचणारा उपाय म्हणजे वायफायचा प्लग. त्यात दोन दोष आहेत. दोन अश्वशक्तीची सिंगल फेज मोटर चालताना ९-१० अँपिअर घेते, सुरू होताना क्षणभर पन्नासच्या पुढे जाते. प्लगमधल्या छोट्या रिलेचे संपर्कबिंदू असल्या धक्क्यांनी वितळून चिकटू शकतात, आणि मग मोबाइल ‘बंद’ म्हणतो तरी मोटर चालूच. मोटरसाठीचा कॉन्टॅक्टर आणि ओव्हरलोड रिले (करंट जास्त वेळ वाढलेला राहिला की मोटर तोडणारा) बसवून प्लगला फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल चालवायला दिली की ही खोट जाते. दुसरी खोट बारीक आहे आणि अधिक घातक. अनलोडर प्रेशर स्विचच्या हालचालीशी जोडलेला असतो. मोटर भर दाबात चालत असताना वीज मागून तोडली तर स्विच आपल्या जागीच राहतो, फुस्स होत नाही, आणि हेडमधली हवा अडकून पडते. वीज परत आल्यावर मोटर त्या दाबाविरुद्ध उठू पाहते, उठत नाही, गुरगुरते, तापते, आणि ओव्हरलोड नसेल तर जळते. भारनियमनाच्या भागात रिवाइंडिंगला येणाऱ्या मोटरींची चौकशी केली तर यातल्या काही अशाच निघतील, असा माझा अंदाज आहे. शिवाय साधा स्विच ‘चालू’ राहिलेला असेल तर वीज येताच यंत्र आपणहून सुरू होतं, आणि तेव्हा कोणाचा हात बेल्टजवळ असेल ते सांगता येत नाही. होल्डिंग कॉन्टॅक्टवाला पुश बटण स्टार्टर वीज गेली की सुटतो आणि कोणी बटण दाबल्याशिवाय लागत नाही. घरच्या वर्कशॉपला सगळ्यात आधी काही बसवायचं असेल तर ते हे, बाकी सगळं त्यानंतर.

वरच्या सगळ्यातून क्रम जवळजवळ आपोआप ठरतो. लाल बटण दाबलं, किंवा दोन तासांचा उलटा टायमर संपला, की पहिल्यांदा टाकीचं बाहेरचं तोंड मिटावं. मोटर तेव्हा चालू असेल तर चालू द्यावी. आता बाहेर हवा जात नाही, त्यामुळे ती मिनिटा-दोन मिनिटांत ८ बारला पोचते, प्रेशर स्विच तिला तोडतो, अनलोडर फुस्स करतो. मग ड्रेन एकदा जरा जास्त वेळ उघडावा. आणि तोंड मिटल्यापासून पाचेक मिनिटांनी मुख्य कॉन्टॅक्टर सुटावा. या पाच मिनिटांचा आणखी एक फायदा आहे. तोंड मिटलेलं असूनही इतक्या वेळात मोटर थांबली नसेल, तर टाकीच्या आतल्या बाजूला काहीतरी बिघडलं आहे: ड्रेन पुरता मिटत नाही किंवा पंपाची रिंग गेली आहे. अशा वेळी वीज तोडून एक लाल दिवा लावायचा, म्हणजे सकाळी येणाऱ्याला कालचा बिघाड कळतो. उलट्या टायमरवर एक हरकत येते, की लांबच्या स्प्रे कामात तो मध्येच तोंड मिटेल आणि पॅनल वाया जाईल. खरं आहे. म्हणून संपण्याच्या दहा मिनिटं आधी बझर आणि मुदत वाढवायला एक बटण हवं. मोटर सलग अमुक मिनिटं चालली की तोडा, हा नियम मात्र स्प्रे आणि सँडिंग करणाऱ्याने लावू नये. त्याच्या लेखी सलग चालणं हे काम आहे, बिघाड नाही.

जागेच्या बाबतीत एका चुकीला माफी नाही. विजेवर चालणारा बाहेरचा व्हॉल्व्ह प्रेशर स्विच आणि सेफ्टी व्हॉल्व्ह या दोघांच्या पलीकडे, होजच्या बाजूला बसला पाहिजे. तो टाकी आणि स्विच यांच्या मध्ये आला तर मिटताक्षणी स्विचला टाकीतला दाब दिसेनासा होतो. त्याला फक्त गळून रिकामा होत जाणारा होज दिसतो, तो मोटर लावतो, आणि टाकी ८ च्या पुढे फुगत जाते. मग उरतो एकटा सेफ्टी व्हॉल्व्ह, तोही वर्षानुवर्षं कडी ओढून न पाहिलेला. टाकी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह यांच्यामध्ये कुठलाच व्हॉल्व्ह येता कामा नये, आणि सेफ्टीचं काम कुठल्याही टायमरला किंवा सेन्सरला देऊ नये.

आता मुळावरचाच आक्षेप घेऊ: एवढा खटाटोप कशासाठी, रोज कॉक फिरवला की झालं. या आक्षेपात मला बरंच तथ्य दिसतं. पाणी न काढण्यामागे आळसाइतकाच कॉकच्या जागेचाही दोष असतो. तो टाकीच्या पोटाखाली, जमिनीपासून चार बोटांवर, बोटांना न सापडणारा असतो. तिथून एक एल्बो आणि हातभर पाइप काढून समोर कमरेच्या उंचीला पाव फेऱ्याचा बॉल व्हॉल्व्ह आणला, तर निम्मे लोक न सांगता पाणी काढतील. वर चढणाऱ्या पाइपमधूनही टाकीतला दाब पाणी ढकलून बाहेर काढतो, मात्र टाकी रिकामी करण्याआधी ते करायला हवं. आठवड्यातून एकदा, तासभर कॉम्प्रेसर लावणाऱ्याला याहून जास्त काही लागत नाही. त्याने तर टाकी पूर्ण रिकामी करून बुडाचा कॉक उघडाच ठेवून जावं. हवा वाया जाते हा त्यावरचा आक्षेप हिशेबात टिकत नाही: १०० लिटरची टाकी पुन्हा भरायला दीड किलोवॉटच्या मोटरला चार-पाच मिनिटं लागतात, म्हणजे युनिटचा दहावा भाग. त्या बदल्यात कोणी जवळ नसताना दाबाखाली उभी असलेली टाकी घरात राहत नाही. वर कोणी झोपत असेल, पोरं शेडमध्ये खेळत असतील, तर हा सौदा महाग नाही. रोज काम करणाऱ्याचं वेगळं. त्याला सकाळी दाब तयार हवा असतो आणि त्याच्या टाकीत दिवसाला लिटर-दीड लिटर पाणी होऊ शकतं. सोलेनॉइडचा उपयोग त्याला आहे. ‘पाणी सकाळीच काढावं, रात्री टाकी गार झाल्यावर सगळं खाली बसतं’ असंही सांगतात. ४० अंशांची टाकी २८ वर उतरली तर १०० लिटरमधून नव्याने दोन-अडीच ग्रॅम पाणी सुटतं, अर्धा चमचा. तेवढ्यासाठी पाव लिटर पाणी रात्रभर पोलादावर बसवून ठेवण्यात अर्थ नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: आपोआप होतंय म्हटल्यावर माणूस पाहणंच सोडतो, आणि तुंबलेला ऑटो ड्रेन हा विसरलेल्या कॉकपेक्षा वाईट. याचं उत्तर महागडा सेन्सर नाही. ड्रेनचं तोंड जमिनीवर किंवा गटारात न सोडता एका पारदर्शक कॅनमध्ये सोडायचं, कॅनच्या तोंडाला हवा सुटायला मोकळी जागा ठेवायची. या पाण्यात पंपाचं तेल मिसळलेलं असतं, ते ताकासारखं पांढुरकं दिसतं, आणि विहिरीजवळच्या अंगणात ते ओतू नये हे वेगळं सांगायला नको. पण कॅनचा मुख्य उपयोग साक्षीदाराचा. जुलैत दिवसभर काम झालं आणि कॅन कोरडा असेल तर गाळक तुंबला आहे. पाणी तांबडं येऊ लागलं तर टाकी आतून झडते आहे. असल्या टाकीवर वेल्डिंगचं ठिगळ मारायचं नाही. फार तर तिची पाण्याने दाबचाचणी करून घ्यायची, हवेने नाही, कारण पाणी दाबलं जात नाही आणि फुटलं तरी उधळत नाही.

ड्रेनकडून एक अपेक्षा मात्र चुकीची ठेवली जाते. टाकी कोरडी राहिली म्हणून हवा कोरडी होत नाही. टाकी ४० अंशांवर असताना तिच्यातून निघणारी हवा त्या तापमानाला पूर्ण भिजलेली असते. होजमध्ये ती २८ वर उतरली की मघाच्या आपल्या यंत्रात तासाला आणखी ३० मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे, पाणी गनच्या दिशेने निघतं. इचलकरंजीतल्या एअरजेट मागांच्या मागे हवा गार करून पाणी काढणारे ड्रायर उभे असतात ते याचसाठी. घरी एवढं लागत नाही. टाकी आणि फिल्टर यांच्यामध्ये सात-आठ मीटर लोखंडी पाइप, किंचित उतार, शेवटी खाली लोंबता तुकडा आणि त्याला स्वतःचा कॉक, आणि गनकडे जाणारा फाटा पाइपच्या वरच्या अंगाने काढलेला, इतक्यावर पॉलिश आणि रंगाचं बहुतेक काम निभतं. त्या लोंबत्या तुकड्याचा कॉक मात्र हातानेच फिरवावा लागतो, आणि तोही कमरेच्या उंचीला असावा.